जुना डीपी टिकला, मग नवा का जळाला?

प्रश्न : आमच्या शिवारातला डीपी पंचवीस वर्षे बिनतक्रार चालला. तो गेल्यावर दुरुस्त केलेला बसवला, तो ऐन रब्बीत महिन्याभरात जळाला. जुना माल दणकट होता म्हणायचा का? आणि वेळच्या वेळी तेल बदलले तर डीपी कायमचा टिकेल का?
– एक वाचक, ता. जिंतूर, जि. परभणी

उत्तर : तेलापासून सुरुवात करू, कारण खापर बहुधा त्याच्यावरच फुटते. महावितरण ज्याला रोहित्र म्हणते, त्या डीपीत फिरणारा एकही भाग नसतो. म्हणजे तेल वंगणासाठी नाही. ते आतल्या वेटोळ्यांची उष्णता बाहेर टाकते आणि विद्युतरोधकाचेही काम करते. खराब तेल गाळता येते, बदलता येते. खरा म्हातारा होतो तो तारांवर गुंडाळलेला कागद. तो ठिसूळ झाला की कितीही नवे तेल ओता, पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

कागद झिजतो उष्णतेने. ठरावीक मर्यादेच्या वर तापमान दर 6 अंशांनी वाढले की झीज साधारण दुप्पट होते. 18 अंशांनी वाढले तर आठपट. मग परभणीच्या मे महिन्यातच डीपी जास्त जळायला हवेत, नाही का? ऊन भर घालतेच, पण शेतीच्या डीपीला खरा चटका थंडीत बसतो. हरभऱ्या-गव्हाला पाणी द्यायला सगळ्यांच्या मोटारी एकाच वेळी चालतात.

हिशेब करून पाहा. 5 एचपीची मोटार सुमारे 6 केव्हीए भार टाकते. म्हणजे 63 केव्हीएच्या डीपीवर अशा दहाच मोटारी बसतात. आकडे टाकलेल्या कोण मोजतो? त्यात सुरू होताना मोटार पाच-सहापट करंट ओढते. ऑटोस्विचमुळे लाइट येताच सगळ्या एकदम सुरू होतात. फ्यूज उडतो, मग कोणीतरी शहाणा त्यात जाड तार घालतो. पुढच्या वेळी फ्यूज शाबूत राहतो आणि डीपी जातो.

तुमच्या जुन्या डीपीने उमेदीची वर्षे बहुधा थोड्या मोटारींवर काढली. नव्याच्या वाट्याला पहिल्या दिवसापासून सगळा भार आला. दुरुस्तीही कच्ची असू शकते. वेटोळी नीट वाळवली नाहीत तर कागदात ओल राहते, आणि तो दोष दुरुस्ती करणाऱ्याचाच. तेलाची पातळी, अर्थिंग आणि ब्रीदरमधली निळी सिलिका जेल गुलाबी पडली की बदलणे, ही कामेही वीज कंपनीचीच. पण भार तोच राहिला, तर कोरा डीपीही फार दिवस काढणार नाही. म्हणून तर 2018 पासून उच्चदाब वितरण प्रणालीत एक-दोन शेतकऱ्यांमागे एक छोटा डीपी द्यायला सुरुवात झाली.

तोवर ऑटोस्विच काढा, मोटारीला कॅपॅसिटर बसवा, जोडभार खरा नोंदवा. तेल गळताना दिसले तर स्वतः डीपीला हात लावू नका, 1912 वर कळवा.