स्वाभिमान आणि अहंमन्यता : एक अभ्यास

परळच्या दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सभा बोलाविली आणि तीतून २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली, हे सभासदांस ठाऊक आहेच. या संस्थेने हाती काय घेतले, तर वसतिगृह, वाचनालय, शिक्षणप्रसार. ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूरला वसतिगृह सुरू झाले. पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालावयास लावलेल्या माणसाचा स्वाभिमान नुसत्या स्तुतीने जागा होत नाही, त्याच्या हाती काही करून दाखविण्याचे साधन द्यावे लागते, ही त्यामागील दृष्टी होय असे आम्हांस वाटते.

आज या विषयाची उजळणी करण्याचे कारण असे की, स्वाभिमान आणि अहंमन्यता यांची सर्रास गल्लत होते. आपल्यातला एखादा मुलगा ताठ मानेने बोलला की 'फार शिष्ट झालाय' म्हणणारे आजही आहेत. उलट नाक्यावर स्वतःच्या वाढदिवसाचा फलक स्वतःच्याच खर्चाने लावणे, मोबाइलवर दिवसाकाठी दहा छायाचित्रे टाकणे, यालाच काहीजण स्वाभिमान समजतात.

मानसशास्त्र या दोहोंत स्पष्ट भेद करते. विल्यम जेम्स यांनी १८९० साली आत्मसन्मानाचे गणितच मांडले : यशाला अपेक्षेने भागावे. म्हणजे अपेक्षा अफाट वाढविली तर मिळालेले यशही तोकडे वाटू लागते. १९६५ साली मॉरिस रोझेनबर्ग यांनी दहा विधानांची मोजपट्टी तयार केली. तिचा गाभा असा की, माणसाला आपण इतरांच्या बरोबरीचे वाटते की नाही. श्रेष्ठ वाटते का, हे ती विचारीत नाही. १९७९ साली रॅस्किन व हॉल यांनी अहंमन्यतेसाठी वेगळी चाचणी केली. तीत मी खास आहे, माझे कौतुक झालेच पाहिजे, अशा वृत्तीचा शोध घेतला जातो. थोडक्यात, अहंमन्यता म्हणजे जादा झालेला स्वाभिमान नव्हे.

२०१५ साली नेदरलँडमधील मुलांच्या अभ्यासात असे आढळले की, 'तू इतरांपेक्षा खास' असे मानणाऱ्या पालकांच्या मुलांत पुढे अहंमन्यता वाढते आणि पालकांकडून माया मिळालेल्या मुलांत आत्मसन्मान वाढतो. पालकांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. बढाईखोर माणूस आतून न्यूनगंडानेच पछाडलेला असतो, ही समजूत मात्र सर्वांना लागू पडत नाही. काहींना खरोखरच स्वतः श्रेष्ठ वाटते. काही मात्र वरून बुजरे असून जराशा टीकेनेही घायाळ होतात.

आता मोबाइलकडे वळू. बी.डी.डी. चाळींतील सुमारे १६० चौरस फुटांच्या खोलीत वाढलेल्या माणसाने बढाई मारली, तर गॅलरीतला शेजारी तिथल्या तिथे तिची हवा काढीत असे, आणि तोच शेजारी अडीअडचणीला धावूनही येई. मोबाइलवर हे दोन्ही नाही. फेसबुकने २००९ साली 'लाईक'चे बटण आणले, तेव्हापासून पसंती आकड्यांत दिसू लागली. शेजाऱ्याचा आकडाही शेजारीच दिसतो. अनोळखी माणसे वाहवा करतात, पण चुकले तर समजावीत नाहीत. ज्याचा आकडा कमी, तो रात्री मनाने खचतो, आणि ज्याचा जास्त, त्याला उद्या तो वाढविल्याशिवाय चैन पडत नाही. जेम्सच्या गणितातील खालची संख्या रोज वाढत जाते ती अशी.

पालि परंपरेत 'मान' हा मनाचा एक दोष मानला आहे. मी श्रेष्ठ, मी बरोबरीचा, मी हीन, हे त्याचे तीन प्रकार. विद्यार्थी येथे अडखळतात : बरोबरीची भावना हाही दोष, तर समतेचा लढा कशासाठी? आमच्या मते हक्काची समता मागणे वेगळे आणि दिवसभर दुसऱ्याशी स्वतःला मोजत बसणे वेगळे. पाण्याच्या हक्कासाठी १९२७ साली महाडला गेलेले लोक आपल्याला किती जणांची पसंती मिळते हे पाहावयास गेले नव्हते. न्यूनगंडही मानातच मोडतो, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

अभ्यासिकेतील विद्यार्थ्यांनी आठवडाभर एक वही ठेवावी. छायाचित्र वा मजकूर टाकण्यापूर्वी तो कोणी पाहावा असे वाटते ते एका ओळीत लिहावे. सोबतचा मित्र परीक्षेत पुढे गेल्याचे कळताच मनात पहिल्यांदा काय आले, तेही प्रामाणिकपणे टिपावे. वही कोणास दाखवू नये.