इसार आणि तगादा

पहिले घर घेणाऱ्या गृहस्थाला कायद्याच्या विलंबाहून त्या विलंबाच्या काळात भोवती जमणाऱ्यांच्या तगाद्याचा उपद्रव अधिक होतो, असे माझे मत पुण्यातील एका जुन्या सहकारी संस्थेतील सदनिका घेताना बनले, आणि ते बदलावे असे पुढे काही घडले नाही. मूळ मालक विधुर होते व मृत्युपत्र न करताच निवर्तले होते. शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनी म्हणून चिरंजीवांचे नाव चढले होते, आणि तेवढ्या बळावर ते खरेदीखत करून द्यायला सिद्ध होते. नागपूरला दिलेल्या बहिणीचा उल्लेख त्यांच्या बोलण्यात आला तो अगदी ओघात. मी तो वकीलबाईंच्या कानावर घातला आणि त्यांनी व्यवहार तिथेच रोखला.

नॉमिनी म्हणजे मालक, ही समजूत आपल्याकडे सुशिक्षितांतही दृढ आहे. वस्तुतः नामनिर्देशनाने सभासदाच्या पश्चात संस्थेने कोणाशी व्यवहार करावा एवढेच ठरते. मालकी ठरते ती मृत्युपत्राने, आणि ते नसेल तर वारसाहक्काने. पित्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगा व मुलगी 1956 च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमापासूनच समान वाटेकरी आहेत. 2005 ची दुरुस्ती मुख्यतः वडिलोपार्जित एकत्र मिळकतीबाबतची, त्यामुळे ‘फ्लॅट त्याआधीचा, बहिणीचा संबंध काय?’ हा चिरंजीवांचा युक्तिवाद म्हणजे निव्वळ गल्लत होती.

मग तगादा सुरू झाला. दुसरी पार्टी टोकन घेऊन बसली आहे, असे एजंट दर भेटीत सांगे (ती पार्टी शेवटपर्यंत कोणाच्या दृष्टीस पडली नाही). बँकेच्या कर्जमंजुरीची मुदत सरत आली होती. आणि आप्तेष्टांच्या मते वकील लोक कामे लांबवण्यासाठीच जन्माला येतात. तूर्त साठेखत करा, निम्मी रक्कम द्या, बहिणीची सही मागाहून घेऊ, हा तोडगा अशा वेळी फार शहाणपणाचा वाटतो. परंतु 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 54 प्रमाणे विक्रीच्या नुसत्या करारामुळे मिळकतीत कोणताही हक्क उत्पन्न होत नाही. उरतो तो करारपूर्तीचा दावा, आणि जिने सहीच केलेली नाही तिच्या हिश्श्यावर तो कसा चालणार?

तेव्हा इसार द्यावा तो बुडाला तरी झोप उडणार नाही इतकाच, आणि सर्व वारसांच्या सह्या अमुक तारखेपर्यंत न झाल्यास तो परत मिळेल, असे इसारपावतीतच लिहून घ्यावे. जाहीर नोटीस व दुय्यम निबंधकांच्या दप्तरातील तीस वर्षांचा शोध यांत वेळ जातो, तो जाऊ द्यावा. कर्जमंजुरीची मुदतवाढ मात्र मुदत संपण्यापूर्वी लेखी मागावी. ‘माझी हरकत नाही’ एवढे स्टॅम्पपेपरवर लिहून दिल्याने बहिणीचा हिस्सा सुटत नाही, हक्कसोडपत्र नोंदवावेच लागते. ती परगावी असल्यास तिने आपल्या गावच्या दुय्यम निबंधकांसमोर मुखत्यारपत्र प्रमाणित करून द्यावे, म्हणजे तिच्या वतीने येथे दस्त नोंदवता येतो.

आमच्या प्रकरणी त्या बाई अडवणूक करणाऱ्या मुळीच नव्हत्या. त्यांना कोणी विचारलेच नव्हते. विचारल्यावर त्यांनी हक्क सोडायला शांतपणे नकार दिला आणि भावासोबत विक्रेती म्हणून सही करायचे मान्य केले, जे आम्हाला अधिकच सोयीचे ठरले. मोबदल्याचे धनादेश त्यामुळे दोन निघाले. किंमत 50 लाख रुपये वा अधिक असल्यास खरेदीदाराने 1 टक्का आयकर कापून भरायचा असतो, आणि विक्रेते दोन असले की तो प्रत्येकाच्या नावे स्वतंत्र भरावा लागतो, हे एजंट सांगत नाही. नोंदणीच्या आधीच विचारून घ्यावे.