पॉल : परग्रहावरचा मित्र
परग्रहवासी खरंच समोर आला तर? २०११ च्या ‘पॉल’ या इंग्रजी विनोदी चित्रपटात तेच घडतं. ग्रॅम आणि क्लाइव्ह हे विज्ञानकथांचे वेडे दोन इंग्रज मित्र अमेरिका बघायला निघतात. रात्री रस्त्यात पॉल भेटतो. ज्याची स्वप्नं पाहिली, तो दिसताच क्लाइव्ह बेशुद्ध पडतो! ग्रॅम मात्र घाबरत घाबरत मदतीला तयार होतो. शेवटी ग्रॅमला गोळी लागते, तेव्हा पॉल स्वतःचा जीव धोक्यात घालून त्याला वाचवतो.

हसता हसता एक गोष्ट कळते. अनोळखी जगाच्या गोष्टी वाचणं सोपं. तिथला कुणी मदत मागत आला, की त्याला आपलं म्हणणं अवघड.

विचार करा : ग्रॅमच्या जागी तुम्ही काय केलं असतं?