लेकरं आपल्याकडूनच शिकतात



बेला, जैनथ, तामसीकडच्या किंवा आदिलाबाद शहरातल्या मराठी घरांना एक अनुभव नवा नाही. पैनगंगेपलीकडे सोयऱ्यांकडे गेलं, की आपल्या बोलण्यातला तेलुगू हेल ऐकून कुणीतरी हसतं. इकडे कचेरीत तेलुगू बोलताना अडखळलो, की 'हे महाराष्ट्रवाले' म्हणून आपल्याला बाजूला काढलं जातं. पिढ्यानपिढ्या इथंच राहून, इथलीच जमीन कसून दोन्हीकडे परकं ठरणं किती लागतं, हे आपण जाणतो. म्हणूनच आज मनापासून विचारावंसं वाटतं: असाच शिक्का आपण आपल्या मुलांदेखत दुसऱ्या कुणावर मारतो का?

आठवून पाहा. "नीट राहा, गोंडासारखा काय फिरतोस?" "कोलामांना काय कळतंय, जंगलातली माणसं ती." "गावाबाहेर पालं पडलीत, सायकल आत घे." ही वाक्यं आपण रागानंही बोलत नाही, सहज बोलून जातो. आणि सहज बोललेलं मूल अगदी खरं मानतं.

एका समाजाची सगळी माणसं एकसारखीच, असं धरून चाललं की मनात साचा तयार होतो. त्या साच्यामुळं माणूस भेटण्याआधीच त्याची भीती किंवा किळस वाटू लागते, तो पूर्वग्रह. आणि ती किळस वागण्यात उतरली, म्हणजे पाण्याचा पेला वेगळा ठेवला, भाड्यानं खोली नाकारली, वर्गात मागं बसवलं, की तो भेदभाव. यासाठी दर वेळी तोंड उघडावं लागतं असंही नाही. उटनूरच्या बसमध्ये बांबूच्या टोपल्या घेऊन एखादी कोलाम बाई शेजारी येऊन बसते. आई काहीच बोलत नाही. फक्त पदर आवरते आणि लेकराला खिडकीकडे सरकवते. लेकरू तेवढ्यातच शिकतं.

शिक्का पुसायला किती काळ जातो पाहा. इंग्रज सरकारनं 1871 साली कायदा करून कित्येक जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. स्वतंत्र भारतानं 1952 मध्ये तो कायदा रद्द केला. पण पारध्याच्या पोराकडे संशयानं पाहणारी नजर अजून गेलेली नाही. राज्यघटनेनं अस्पृश्यता नष्ट केली, जात, धर्म, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला मनाई केली. पण कायद्याचा हात घराच्या उंबऱ्यापर्यंतच पोचतो. आतलं काम आपल्यालाच करावं लागतं.

ज्याच्यावर शिक्का बसतो, त्या मुलाचं काय होतं? अमेरिकेत 1940च्या सुमारास केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं कृष्णवर्णीय मुलांपुढं काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या ठेवल्या. 'चांगली कोणती' असं विचारल्यावर बऱ्याच मुलांनी गोरी बाहुली दाखवली. स्वतःच्या रंगाला कमी लेखायला ती त्या कोवळ्या वयातच शिकली होती. आपल्या शाळांतही हे घडू शकतं. गोंड मूल घरी गोंडी बोलतं, बाजारात मराठी, शाळेत तेलुगू. तीन भाषा सांभाळणाऱ्या त्या पोराला आपण 'ढ' म्हणून मोकळे होतो. ते पोरगंही मग हळूहळू तसंच मानू लागतं.

खरी ओळख करून दिली, तर साचा टिकत नाही. 'आदिवासींना कुठली लिपी?' असं म्हणणाऱ्याला मुलांसमक्षच सांगा, की नारनूर मंडळातल्या गुंजाळा गावी गोंडी लिपीतल्या हस्तलिखित पोथ्या मिळाल्या आणि 2018 साली ती लिपी युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या संगणकांच्या अक्षरसंचात आली. इंद्रवेल्ली मंडळातल्या केसलापूरला नागोबाचं नवं दगडी मंदिर गोंडांमधल्या मेसराम वंशाच्या लोकांनी आपसात वर्गणी काढून उभारलं. गोंडांची वंशगाथा पिढ्यानपिढ्या गाऊन जपणारे परधान तर घरात मराठीच बोलतात. ज्या परधानांना आपण 'ते' म्हणतो, त्यांची मायबोली आपलीच आहे.

मग करायचं काय? मूल कुणाबद्दल वेडंवाकडं बोललं, तर 'असं बोलू नये' एवढ्यावर त्याला गप्प बसवू नका. "तुला हे कुणी सांगितलं? त्यांच्यातलं तू कुणाला ओळखतोस?" असं शांतपणे विचारा. बहुतेक वेळा उत्तर 'कुणालाच नाही' असं येईल. बोलणं तिथून सुरू करा. त्याच्या वर्गातल्या गोंड, कोलाम, लंबाडा मित्राला घरी जेवायला बोलवा, नेहमीच्याच ताटात वाढा आणि आपल्या मुलालाही त्याच्या घरी पाठवा. दिवाळीत गावात दंडारी आली, की मोरपिसांचा टोप घातलेल्या गुसाडींचे नुसते फोटो काढू नका. हा सण कशाचा, हे तिथल्याच एखाद्या जाणत्याला मुलांकडून विचारवा. आणि आजी-आजोबा, काका-मामा जुन्या सवयीनं काही बोलले, तर त्यांचा मान राखून, पण मुलांच्या समोरच, "आपल्या घरात असं म्हणायचं नाही" असं सांगा. मोठ्यांना अडवणं अवघड असतं, हे खरं. पण आपण गप्प राहिलो, तर मुलं त्याचा अर्थ होकार असाच घेतील.

आपल्या लेकराला कुणी परकं मानू नये, असं आपल्याला वाटतं ना? मग शेजारच्या लेकरालाही तोच मान द्यायचा, आणि सुरुवात आपल्या तोंडच्या शब्दांपासून करायची.