सूर लेखकाचा, भाव वाचकाचा

‘लेखनाचा सूर कोणता?’ असे विचारले की आपण ‘दुःखाचा’ असे लिहून मोकळे होतो. वास्तविक सूर म्हणजे विषयाकडे पाहण्याची लेखकाची वृत्ती. भाव म्हणजे वाचताना आपल्या मनात जे दाटते ते. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’चा (१९७२) सूर संतापाचा आहे. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू आपली कहाणी शिकल्यासवरल्या पवारांना, म्हणजे स्वतःलाच सांगतो, तेथे सूर कबुलीचा आहे. एक वाचून मूठ वळते, दुसरे वाचून मन आत वळते. दोहोंना नुसते ‘दुःखी’ म्हणणे म्हणजे आपल्याच माणसांचे बोलणे अर्धवट ऐकणे होय. म्हणून आम्ही सांगतो, उतारा आधी मोठ्याने वाचा, शब्दांची निवड पाहा, मगच उत्तर लिहा.