आधी भूक मोज, मग घास दे

भाच्या, दिवाळीला शेवगावात पंप-नोझलचं दुकान टाकतोयस असं ताई म्हणाली. टेस्टर कोणता घ्यायचा, बेंच कोणता, हे विकणारे सांगतील. गिऱ्हाईक काय मागेल आणि त्याच्या हातात काय द्यायचं, ते मी सांगतो.

दिवाळी सरली की ऊसतोड सुरू. भेंड्याच्या साखर कारखान्याकडं दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टरवाला तुझ्या दारात गाडी लावणार आणि खाली उतरायच्या आधीच म्हणणार, "टर्बो आहे, नोझल मोठं टाक, पंप वाढव." पान्याला हात लावू नकोस. आधी हिशोब कर.

हिशोब सोपा आहे. डिझेल इंजिनाला एक अश्वशक्ती तासभर द्यायला साधारण १८० ग्रॅम डिझेल लागतं. ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर पूर्ण लोडवर म्हणजे तासाला ९ किलो, जवळपास ११ लिटर. सिलिंडर ३ असतील तर एकाच्या वाट्याला साडेतीन लिटरच्या थोडं वर. २००० आरपीएमला चार स्ट्रोकच्या इंजिनात एक नोझल मिनिटाला १००० वेळा उडतं, तासाला ६०,००० वेळा. भागाकार कर. एका फवाऱ्याला सुमारे ६० घनमिलिमीटर येतात, म्हणजे पाण्याचा एक टपोरा थेंब. तेवढा थेंब सेकंदाच्या पाचशेव्या भागात फोडून धुकं करायचा असतो. गिऱ्हाईक 'मोठं' म्हणतं तेव्हा हा थेंब डोळ्यापुढं आण.

दुसरं, किती द्यायचं ते कोण ठरवतं हे विसरू नकोस. जुन्या पद्धतीच्या ट्रॅक्टरात डिझेल मोजतो पंप. नोझल ते फक्त फोडतं. पंप तसाच ठेवून भोक मोठं केलंस तर ताकद वाढत नाही. फवारा जाड पडतो, थेंब अर्धवट जळतो आणि सायलेन्सर काळा धूर ओकतो.

पेट्रोलचं गणित वेगळं. तुला कॉलेजात वँकेलचं रोटरी इंजिन शिकवलंय, तेच घे. तिथं इंजेक्टरच मापारी. तो किती वेळ उघडा राहतो त्यावर पेट्रोल ठरतं. शिवाय चार स्ट्रोकला दोन फेऱ्यांत एकदा मिळते ती पाळी रोटरीत शाफ्टच्या दर फेरीला येते, म्हणजे वेळ निम्मा. १९९०च्या दशकातल्या टर्बोवाल्या माझदा आरएक्स-७ला दर रोटरमागं दोन इंजेक्टर होते, एक मिनिटाला ५५० सीसीचा आणि दुसरा ८५०चा. गाडी जागेवर असताना धाकटा एकटा काम बघायचा, लोड आला की थोरला जोडीला यायचा. एकच भलामोठा बसवला असता तर आयडलला लागणारा चिमूटभर घास त्याला मोजताच आला नसता. रोटर दोन, म्हणून चारांची बेरीज २८०० सीसी. इंजेक्टर सतत उघडा ठेवायचा नसतो, म्हणून त्यातले ८० टक्केच धरायचे. रोटरी खादाड, तिला एका अश्वशक्तीला तासाला २७० ग्रॅमच्या आसपास पेट्रोल लागतं. म्हणजे साडेतीनशे अश्वशक्तीच्या थोडं पुढं गेलं की ते इंजेक्टर अपुरे. मोठा कधी घ्यायचा, हे असं गणितातून कळतं.

एक फरक मात्र मनात पक्का ठेव. टर्बोच्या पेट्रोल इंजिनाला पेट्रोल कमी पडलं तर ठोका बसतो, रोटरीत मग एपेक्स सील नावाची टोकाची पट्टी तुटते. टर्बोच्या डिझेलला डिझेल जास्त झालं तर आग वाढते आणि पिस्टन जळतो. एकाला उपास मारतो, दुसऱ्याला अजीर्ण.

हे मी स्वतः शिकलोय, तेही दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर. ऐन हंगामात एकानं भरीला घातलं, मी पंपाचं एलिमेंट जाड टाकलं आणि मोठ्या भोकाची नोझलं दिली. आठवडाभर तो चहा पाजत होता. मग एका रात्री हेड उघडलं तर पिस्टनच्या माथ्यावर जळून बोट बसेल एवढा खड्डा. खर्च मी भरला. तेव्हापासून काळा धूर दिसला की मी आधी वारा बघतो. एअर फिल्टर काळ्या मातीच्या धुरळ्यानं गच्च आहे का, टर्बोच्या होजची क्लिप ढिली आहे का. निम्मी गिऱ्हाइकं तिथूनच परत जातात. त्या दिवशी गल्ला कमी भरतो, पण पुढच्या वर्षी तो माणूस भावाला घेऊन येतो.

आता हाताचं काम.

नोझलवर कोरलेलं वाच. डीएलएलए अक्षरांपुढं १५० सारखा आकडा असतो, तो फवाऱ्याच्या कोनाचा. कोन चुकला तर फवारा पिस्टनच्या खळग्यात न पडता भलतीकडं जातो. 'दिसायला सेम' नोझल कधी देऊ नकोस. नाशिकच्या बॉशला आपल्याकडं अजून मायकोच म्हणतात, नाव २००८ साली बदललं तरी. गिऱ्हाईक मायको म्हणेल, तू नंबर विचार.

सुई आणि बॉडी म्हणजे नवरा-बायको, जोड्या बदलू नकोस. स्वच्छ डिझेलमध्ये बुडवून सुई तिसरा हिस्सा वर ओढ, बॉडी तिरकी धर आणि सोड. स्वतःच्या वजनानं घसरत खाली गेली तर ठीक. अडकली तर पुन्हा धू, तरी अडकली तर बदल.

हेडमधला तांब्याचा वॉशर दर वेळी नवा. जुना काढायचा विसरून त्यावर नवा टाकलास तर नोझल वर उचललं जातं आणि केलेली सगळी मेहनत फुकट.

प्रेशर सगळ्या नोझलांना एकसारखं लाव, आकडा कंपनीच्या पुस्तकातला. तीन चांगली नि एक टिपकणारं, असा सेट देऊ नकोस. टिपकणारं एकटंच पिस्टन खातं.

टेस्टरवर फवारा बघताना हात पुढं नेऊ नकोस. ते डिझेल कातडी भेदून आत जातं. वरून टोचल्याएवढी खूण दिसते, आत मांस सडतं. कुणाला लागलंच तर दुखत नाही म्हणून थांबू नका, तडक दवाखाना गाठा.

नवे ट्रॅक्टर आले तर जपून. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४चे धुराचे नियम लागले आणि कॉम्प्युटरनं चालणारी कॉमन रेल शेतात आली. तिथं प्रेशर हजार बारच्या कितीतरी पुढं. इंजेक्टरच्या डोक्यावरचा कोड कॉम्प्युटरला सांगावा लागतो. मशीन नसेल तर "माझ्याकडं होत नाही" म्हणायला लाजू नकोस. आणि ड्रममधल्या डिझेलात पाणी असेल तर कितीही महाग इंजेक्टर घाल, टिकणार नाही. ड्रम तिरका ठेवायला आणि तळाचं डिझेल न घ्यायला सांग.

एवढं करून गिऱ्हाईक पंप वाढवायचा हट्ट धरेल, तेव्हा त्याला गाडीभोवती एक चक्कर मारायला लाव. मागच्या ट्रॉल्यांना ब्रेक आहेत का विचार. बहुतेक नसतात. दोन ट्रॉल्या भरून उतारावर आल्यावर त्या ट्रॅक्टरला पुढं ढकलतात, तेव्हा तुझं नोझल कामाला येत नाही. हे सांगितल्यावर काही जण चिडून दुसऱ्या दुकानात जातील. जाऊ देत.