तळ्यावरचा पोपटी तवंग

शेळ्या मेल्या तेव्हा गावाचा पहिला संशय माणसावरच गेला. पाझर तलावाच्या खालच्या अंगाला ज्याची वांगी आहेत, त्यानंच फवारणीचं औषध पाण्यात ओतलं असणार, असं पारावर ठरूनही गेलं. चैत्र सरत आलेला, तलाव तळाला गेलेला. माझी एक गाभण शेळी त्यात गेली, म्हणून मीही तावातावानं बोलणाऱ्यांत होतो.

जनावरांच्या डॉक्टरांनी एक शेळी फाडून दाखवली. यकृत फुगून काळपट लाल झालेलं, सुरी लागताच रक्त ओघळलं. मग ते वांग्याच्या वावराकडं न जाता सरळ पाण्याकडं गेले. पश्चिमेच्या वाऱ्यानं पूर्वेच्या काठाशी पोपटी तवंग लोटला होता, ऑइलपेंटचा डबा उपडा झाल्यासारखा. जनावरांची पाण्यावर उतरायची वाट नेमकी तिथंच.

याला नीलहरित शेवाळ म्हणतात. खरं तर ते जिवाणू. शेतातलं खत, गोठ्याचं पाणी, गावचं सांडपाणी तलावात उतरतं, वर ऊन आणि साचलेलं पाणी, की ते बेसुमार वाढतात. सगळेच विषारी नसतात, पण नुसतं बघून ते कळत नाही. काहींचं मायक्रोसिस्टिन नावाचं विष यकृत नासवतं. काहींचं विष मज्जातंतूंवर जातं; मग जनावर थरथरतं, झटके देतं आणि श्वास कोंडून काही वेळा तासाभराच्या आत मरतं. यावर नेमका उतारा नाही. कुत्र्याला धोका जास्त, कारण पाण्यात डुंबून आल्यावर ते अंग चाटतं.

माझी एचएफ गाय वाचली, पण पुढं वेगळंच दिसलं. तिच्या पांढऱ्या ठिपक्यांवरची कातडी लाल होऊन पापुद्र्यांनी सोलली, काळे ठिपके मात्र जसेच्या तसे. आधी मला वाटलं गोचीड, मग वाटलं खरूज. यकृत बिघडलं की चाऱ्यातल्या हरितद्रव्यापासून तयार होणारा एक पदार्थ बाहेर पडायचा तो रक्तातच राहतो, कातडीत उतरतो आणि ऊन लागलं की ती भाजते. काळ्या कातडीतला रंग ऊन अडवतो. अशा जनावराला दिवसा सावलीत बांधायचं, चरायला अंधार पडल्यावर सोडायचं.

आता मोरचूद. आमच्याकडं शेततळं हिरवं झालं की मोरचूद टाकायची सवय आहे, पाणी दोन दिवसांत निवळतं आणि माणूस खूश होतो. पण जिवाणू मरताना फुटतात आणि पेशीतलं विष पाण्यात मोकळं होतं. ऑस्ट्रेलियात पाम बेटावर १९७९ साली हेच झालं. धरणाच्या पाण्याला वास येतो म्हणून मोरचूद टाकलं आणि त्यानंतर काही दिवसांतच १४८ माणसं आजारी पडली. त्यांतली १३८ लहान मुलं. म्हणजे तवंग दिसत होता तोवर निदान जनावर हाकलता तरी येत होतं. निवळल्यावरही दोन-तीन आठवडे ते पाणी पाजू नये, असा माझा ठाम सल्ला आहे.

उकळण्याचंही तसंच. आपल्याकडं पाण्यावरचा सगळा इलाज उकळण्यात असतो, पण हे विष उकळीला दाद देत नाही; पाणी आटतं तसं उलट दाट होतं. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात २०१४ च्या ऑगस्टमध्ये नळाच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन सापडलं, तेव्हा पाणी पिऊ नका आणि उकळूही नका, असंच लोकांना सांगावं लागलं. घरातल्या फिल्टरवरही भिस्त ठेवू नका.

ओळखायचं कसं? काठी बुडवून उचला. धाग्यांचे झुपके लोंबले तर बहुधा साधं शेवाळ. काठीला रंगासारखा लेप बसला तर जनावर मागं घ्या. दुसरी खूण बाटलीची: पाणी भरून रात्रभर न हलवता ठेवा, सकाळी हिरवा थर वर तरंगत असेल तर संशय पक्का धरा. या दोन्ही खुणा घरगुती आहेत, खात्री प्रयोगशाळेतच होते.

माणसाला अशा पाण्यात पोहून अंगाला खाज, डोळ्यांची आग, उलट्या, जुलाब होतात. पोरांना आधी आवरा, ती पाणी गिळतात. अंग लगेच स्वच्छ पाण्यानं धुवा. त्या तलावातले मासे तवंग असेपर्यंत नकोतच. तुषार सिंचनानं ते पाणी मेथी-कोथिंबिरीवरही उडवू नका, पानांवर विष राहू शकतं.

आणि जनावर पडलंच, तर तवंग धुऊन जाण्याआधी नमुना घ्या. हातमोजे घालून, झाकणाच्या स्वच्छ बाटलीत, काठावरच्या दाट भागातून. बाटली उन्हात न ठेवता बर्फाच्या डब्यात घालून त्याच दिवशी डॉक्टरांकडं पोचवा. वारा फिरला की तवंग दुसऱ्या काठाला जातो. मग पंचनाम्याला आलेल्यांना दाखवायला काठावर काही उरत नाही, आणि बोट पुन्हा वांगीवाल्याकडंच जातं.